‘पोटमाळा’चं टायटल: चाळीस सेकंद, एक हजार फ्रेम

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला प्रकल्प म्हणून काल्पनिक बालमालिकेचं चाळीस सेकंदांचं टायटल, म्हणजे दर भागाच्या सुरुवातीला लागणारा चित्र-गाण्याचा तुकडा, करायचंय. मालिकेचं नाव ‘पोटमाळा’. गिरगावातल्या चाळीतली चार मुलं, पोटमाळ्यावर सापडलेली पत्र्याची पेटी, आणि पेटीतली एकेक वस्तू हातात घेतली की चाळीच्या जुन्या काळात जायचं, अशी गोष्ट. प्रेक्षक आठ ते अकरा वर्षांचे. स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉट क्रमानं दाखवणाऱ्या चौकटी, काढून झालाय, पण मार्गदर्शक म्हणतात, फार गर्दी झाली. आधी गाणं की आधी चित्रं, खरी मुलं शूट करायची की सगळं ॲनिमेशन, नाव कसं लिहायचं आणि प्रक्रियेची वही कशी ठेवायची, हे तिनं विचारलंय. मी बरीच वर्षं मुंबईत मालिकांची टायटलं करतोय, त्यात मुलांच्याही आल्या. त्या जोरावर सांगतो.

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. तुझ्या बोर्डावर काय काय आहे ते बघ: आजोबा जातात, खोली आवरायला काढतात, पेटी सापडते, पहिली सफर होते, मुलांचं भांडण होतं, शेवटी दिलजमाई. ही पहिल्या दोन भागांची गोष्ट झाली. टायटल रोज लागतं. पेटी एकदाच सापडते, शिडी मात्र ही मुलं रोज चढणार आहेत. मग टायटलमध्ये शिडीच हवी.

मुलांच्या मालिकेचं टायटल हातात आलं की मी लेखकाला कथानक विचारत नाही. ही मुलं रोज काय करतात, ते विचारतो. सवय दाखवली की पात्र कळतं, आणि सवय शंभर वेळा बघितली तरी शिळी होत नाही. घटना शिळी होते. आजोबांचं जाणं पहिल्या दिवशी हलवून सोडेल, दहाव्या दिवशी मूल त्या वेळात पाणी प्यायला उठेल.

तुझ्याकडे चार मुलं आहेत आणि एक शिडी आहे. चौघांना त्याच शिडीवर चढव, पण चार तऱ्हांनी. थोरली दोन-दोन पायऱ्या गाळत जाते. दुसरा प्रत्येक पायरीवर पाय दाबून बघतो, मगच वजन टाकतो. तिसरी चपला हातात घेऊन चढते, कारण खाली आई झोपलीय. धाकट्याचा पाय पहिल्या पायरीलाच पुरत नाही, त्याला वरून एक हात येतो. कोण धीट, कोण सावध, कोण लबाड, कोण कुणाच्या जिवावर उड्या मारतो, सगळं कळलं. एक शब्द बोलावा लागला नाही. पेटी शेवटी उघडू दे, पण आत काय आहे ते दाखवू नकोस. चार चेहऱ्यांवर खालून उजेड पडला की पुरे. वस्तू दर भागाला बदलणार आहे, ती टायटलमध्ये अडकवून ठेवण्यात अर्थ नाही.

मुलं टायटल मोठ्यांपेक्षा वेगळ्या नजरेनं बघतात. मोठ्यांना नाव कळलं की काम झालं. मूल पाठ करतं, आणि पाठ करता करता कोपऱ्यात काय चाललंय ते शोधतं. म्हणून प्रत्येक चौकटीत एक गोष्ट अशी ठेव जी पहिल्यांदा दिसणार नाही: गॅलरीतल्या वाळवणावर डोळा ठेवून बसलेली मांजर, पुढच्या शॉटमध्ये तिच्या मिशांना लागलेलं काहीतरी, त्यापुढच्या शॉटमध्ये काठी घेऊन आलेल्या काकू. ही छोटी गोष्ट मुख्य गोष्टीच्या मागे चालू राहते, तिला वेगळा वेळ लागत नाही.

आता गाणं की चित्रं. आधी आवाज. लगेच पक्कं गाणं हवं असं नाही. तू स्वतः गुणगुणून, टेबलावर ठेका धरून फोनवर घेतलेला कच्चा ट्रॅक चालेल, पण लय ठरलेली पाहिजे. आणि लय ठरवताना फ्रेमचा हिशेब मांडायचा, हे कॉलेजात फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे टीव्ही सेकंदाला २५ फ्रेमनं, म्हणजे २५ स्थिर चित्रांनी चालतो. तुझे चाळीस सेकंद म्हणजे बरोबर १००० फ्रेम. संगीत करणारा मित्र सवयीनं १२० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांचा क्लिक लावेल. तिथे एक ठोका १२.५ फ्रेमचा होतो. अर्धी फ्रेम कापता येत नाही, त्यामुळे दर दुसरा कट, म्हणजे शॉट बदलण्याची जागा, ठोक्याच्या किंचित अलीकडे किंवा पलीकडे पडतो. डोळ्याला ते खटकेलच असं नाही, पण पात्राच्या चालण्याची पुन्हा पुन्हा येणारी पावलं ठोक्याशी जुळवायला बसलीस की वैताग येतो. त्याला १२५ लावायला सांग. ठोका बरोबर १२ फ्रेमचा होतो. बाराला दोननं, तीननं, चारनं, सहानं भाग जातो. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर एका ठोक्यात सहा चित्रं बसतात. १०० बीपीएमला ठोका १५ फ्रेमचा येतो, तोही पूर्णांक, पण दोन-दोन फ्रेमच्या चित्रांना तो अडचणीचा.

पुढे सगळं सोपं आहे. चार ठोक्यांचा एक बार ४८ फ्रेमचा. असे वीस बार म्हणजे ९६० फ्रेम. उरल्या ४०, म्हणजे दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ, नाव स्थिर ठेवायला. ठेका दादऱ्याचा हवा असेल तर सहा मात्रांचं आवर्तन ७२ फ्रेमचं होतं; तेरा आवर्तनांना ९३६ फ्रेम लागतात आणि नावाला ६४ मिळतात. ‘अटक मटक’सारख्या खेळगाण्यांच्या अंगानं जायचं असेल तर दोन्ही ठेके गाऊन बघ. कुठल्या ठेक्यात मुलांचे पाय आपोआप हलतात ते लगेच कळतं.

वीस बारांची विभागणी मी अशी करेन: पहिले चार बार जिना आणि गॅलरी, मधले आठ बार चार मुलांचे, प्रत्येकाला दोन, आणि शेवटचे आठ बार माळा, पेटी, सगळे एकत्र आणि नाव. शेवटचे आठ मुद्दाम एकसंध ठेव. पूर्ण टायटल सुरुवातीच्या काही भागांपुरतं असतं. मग चॅनलला पंधरा सेकंदांचं छोटं रूप हवं असतं. आठ बार म्हणजे ३८४ फ्रेम, पंधरा सेकंदांच्या जवळपास. तेवढा तुकडा सुटा काढला तरी अर्थ लागला पाहिजे. परीक्षकांना हे छोटं रूप न मागता दिलंस तर बघ काय होतं.

ठेका कशाचा, तर चाळीचाच. पाणी यायच्या वेळेला एखाद्या चाळीत जा आणि फोन घेऊन गॅलरीत उभी राहा. बादलीची कडी, कॅरमच्या स्ट्रायकरचा टक, लाकडी जिन्यावरचे पाय, कुकरची शिट्टी. यातल्या दोन-तीन आवाजांवर ठेका बांधला की मालिकेला स्वतःची ओळख मिळते, आणि ढोलकीचा तयार लूप डाउनलोड करायची वेळ येत नाही.

तू एक लोकप्रिय जुनं बालगीत वापरायचं म्हणतेस. नको. गाण्यात शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. आपल्या कायद्यात शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. वर्गात दाखवण्यापुरतं कुणी काही म्हणणार नाही, पण हेच काम उद्या तू तुझ्या पोर्टफोलिओत टाकणार, नेटवर चढवणार, आणि तिथे आवाज बंद केलेलं टायटल दाखवावं लागेल. शिवाय त्या गाण्याबरोबर लोकांच्या आठवणी येतात, त्या तुझ्या चित्रांवर कुरघोडी करतात.

लय ठरली की ॲनिमॅटिक, म्हणजे आवाजावर मांडलेल्या चौकटींचा कच्चा व्हिडिओ. काड्यापेटीएवढ्या चौकटी पेन्सिलनं काढ, फोननं फोटो घे आणि ट्रॅकवर मांड. सुंदर काढू नकोस. सुंदर काढलेली चौकट फेकवत नाही, आणि इथे निम्म्या फेकायच्या असतात. मुलांच्या टायटलात शॉट झटपट बदलावे लागतात हा गैरसमज आहे. आठ वर्षांच्या मुलाला नवीन चौकटीत नजर स्थिरावायला वेळ लागतो. दोन ठोक्यांपेक्षा लहान शॉट फक्त तिथेच ठेव जिथे मागचंच चित्र किंचित बदलून येतंय.

मग हे ॲनिमॅटिक खऱ्या मुलांना दाखव. शेजारची तीन-चार मुलं पुरेत. आधी आवाज बंद करून. ‘आवडलं का?’ विचारू नकोस, मुलं ताईला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणतात. ‘काय झालं ते सांग’ एवढंच म्हण. ‘एक मुलगी चोरून कुठेतरी चाललीय’ असं कुणी म्हणालं तर तिसरीचा शॉट पास. कुणीच चपलांचा उल्लेख केला नाही, तर चपला चौकटीत फार लहान आहेत.

खरी मुलं की ॲनिमेशन? तुझा अर्धा विचार शूटकडे आहे, तर त्याचे नियम आधी समजून घे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, आणि २०१७ च्या नियमांत बालकलाकारांसाठी स्पष्ट मर्यादा आल्या: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही, कमाईतली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगीही काढावी लागते. तुझा प्रकल्प विनामोबदला आणि एका दुपारचा आहे, तरी पालकांची लेखी संमती घे, पालकांपैकी एक जण तिथे बसलेला असू दे, आणि तासांची ती मर्यादा स्वतःला लावून घे. चाळीत शूट करायचं तर मालक किंवा सोसायटी आणि त्या मजल्यावरची बिऱ्हाडं, सगळ्यांना आधी सांग. परवानगीच्या कागदापेक्षा गॅलरीत वाळत घातलेले कपडे कुणी हलवले यावरून जास्त भांडणं होतात.

माझं मत विचारशील तर मुलांना शूट कर, पण संदर्भापुरतं. चौघांना शिडी चढू दे, त्यावरून मुख्य पोझ काढ, आणि अंतिम काम कागदी कटआउटमध्ये, म्हणजे कापलेल्या कागदाचे तुकडे हलवून कर. खऱ्या मुलांच्या हालचालीत असं काही असतं जे कल्पनेनं सुचत नाही. लहान मूल शिडी चढताना दोन्ही पाय एकाच पायरीवर आणतं, मग पुढचा उचलतं. मोठ्यांसारखा आळीपाळीनं नाही. धाकट्याच्या शॉटमध्ये हे आलं की त्याचं वय सांगावं लागत नाही. फोनवर शूट करताना फ्रेमरेट २५ वर ठेव, बरेच फोन मुळात ३० वर असतात आणि नंतर बदलताना हालचाल अडखळते. शटर १/५० सेकंदावर ठेव, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइट पट्टे मारणार नाही.

कटआउट का, तर वेळ. हजार फ्रेम दोन-दोनच्या हिशेबानं ५०० चित्रं होतात, आणि एकटीला एका सत्रात ते झेपत नाही. शिडीवरचे चार शॉट आणि चेहऱ्यांवर उजेड पडतो तो एक शॉट, एवढेच पूर्ण काढ. बाकी ठिकाणी पार्श्वभूमीवरून कॅमेरा सरकव, थर वेगवेगळ्या गतीनं हलव, किंवा चित्र स्थिर ठेवून एकच वस्तू हलू दे. कमी हालचाल म्हणजे कमअस्सल काम नव्हे. ‘मालगुडी डेज’च्या टायटलात आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं होती, बाकीचा भार धुनेनं उचलला, आणि ते आजही लोकांच्या डोक्यात आहे.

संदर्भचित्रांबद्दल एक. तुझ्या फोल्डरमध्ये खोताच्या वाडीचे फोटो दिसले. खोताची वाडी सुंदर आहे, पण ती बैठ्या, एकमजली-दुमजली स्वतंत्र घरांची वस्ती. चाळीची लांब सामाईक गॅलरी, एका रांगेतल्या खोल्या आणि मधला चौक तिथे नाही. त्यापेक्षा गिरगावातल्याच केशवजी नाईकांच्या चाळीकडे जा, जिथे १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. कठड्याच्या लाकडी पट्ट्या, जिन्याची झिजलेली कडा, दाराबाहेरचे चपलांचे ढीग यांची रेखाटनं कर. पोटमाळा बघायचा तर कुणाच्या तरी घरात जावं लागेल. उंच छताच्या खोलीत फळ्या टाकून केलेला, वर सरळ बसलं की डोकं आढ्याला टेकतं असा. ती डोकं टेकण्याची उंचीच तुझ्या वरच्या शॉटची चौकट ठरवेल.

आता नाव. हा माझ्या आवडीचा भाग आहे आणि तू तो सगळ्यात शेवटी ठेवलायस. ‘पोटमाळा’ हा शब्द हातानं मोठा लिही आणि बघत बस. ‘पो’मध्ये ‘प’चा दंड, म्हणजे त्याची उभी रेघ, आणि काना शेजारी शेजारी उभे आहेत. ‘मा’मध्येही तेच. दोन समांतर उभ्या रेघा, मध्ये आडव्या पट्ट्या टाकल्या की शिडी झाली. शिरोरेषा म्हणजे माळ्याचा तक्ता. ‘पो’ची मात्रा तक्त्याच्या वर एकटीच आहे, म्हणजे माळ्यावर आधीच पोचलेलं मूल. तक्त्याखाली अक्षरं, तक्त्यावर माळा, असं सगळं घर या चार अक्षरांत तयार आहे. तू तिरक्या इंग्रजी वळणाचा फॉण्ट घेऊन त्यावर धूळ उडवलीस, ती काढून टाक.

अक्षररचनाकार कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं मिळतील तिथून बघ. नाटकाचा स्वभाव ते अक्षराच्या वळणातून दाखवत, सजावट वरून चिकटवत नसत. नक्कल करू नकोस, अक्षराचा कुठला अवयव कामाला लावलाय तेवढं शोध. क्रेडिटसाठी मात्र तयार फॉण्ट घे. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉण्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ मुक्त परवान्याचे आहेत, देवनागरी नीट बसते. नावांची जागा स्टोरीबोर्डमध्येच मोकळी ठेव. शेवटी उरलेल्या जागेत नावं कोंबली की ती बरोबर कुणाच्या तरी तोंडावर येतात.

अक्षरं एकेक करून आणणार असशील तर जपून. सॉफ्टवेअर देवनागरीचे तुकडे स्वतःच्या अकलेनं पाडतं; काना आधी येतो, ‘प’ मागून. आफ्टर इफेक्ट्समध्ये देवनागरी नीट मांडणारं टेक्स्ट इंजिन चालू आहे ना, ते बघ, नाहीतर जोडाक्षरंही मोडतात. नाव तर हातानं काढलेलंच आहे, ते वेगवेगळ्या थरांत स्कॅन कर. आधी दंड आणि काने उभे राहू दे, मग पट्ट्या, मग तक्ता आडवा पडू दे, शेवटी मात्रा टुणकन वर. पूर्ण नाव तयार झाल्यावरच त्या ४० फ्रेम मोजायला सुरुवात कर.

नावं कडेपासून आत ठेव. १९२० बाय १०८० च्या चौकटीत पाच टक्के सोडायचे म्हणजे डावी-उजवीकडे ९६ पिक्सेल आणि वर-खाली ५४. हे माप वेलांटीच्या टोकापासून आणि उकाराच्या तळापासून धर, शिरोरेषेपासून नव्हे.

एक गोष्ट अजिबात चालणार नाही. पेटी उघडताना तू लाल-पांढरा लखलखाट ठेवलायस, अर्ध्या ठोक्याला एक. १२५ बीपीएमला अर्धा ठोका सहा फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला चारपेक्षा जास्त लखलखाट. प्रक्षेपणाच्या मार्गदर्शक नियमांत सेकंदाला तीनची मर्यादा धरतात, आणि गडद लाल रंगाबद्दल ते आणखी कडक आहेत. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगानं उघडझाप झाला आणि ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. तू लहान मुलांसाठी काम करतेयस, तीही टीव्हीला नाक लावून बसणारी. उजेड हळू वाढू दे, उबदार पिवळा. चेहरे त्यात जास्त चांगले दिसतील.

सॉफ्टवेअरवर मी वेळ घालवत नाही. क्रिटा, ओपनटून्झ, ब्लेंडर, डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, यांत हे सगळं होतं. जे येतं ते वापर. या सत्रात नवीन शिकू नकोस.

वही. परीक्षकांना तुझा घाम बघायचा नसतो, निर्णय बघायचे असतात. रोज काय केलं ते लिहिलं तर हजेरीपट होतो. त्याऐवजी जिथे दोन वाटा होत्या तिथे दोन्ही चित्रं शेजारी चिकटव आणि खाली दोन ओळी लिही: ‘अ’ का गेलं, ‘ब’ का राहिलं. आजोबांची चौकट काढून टाकलीस, ती वहीत लाव. १२० वरून १२५ वर का आलीस, तो हिशेब लाव. मुलांनी ॲनिमॅटिक बघून जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत. आणि तेव्हाच्या तेव्हा लिही. सबमिशनच्या आदल्या रात्री लिहिलेली वही ओळखू येते, तिच्यात सगळे निर्णय पहिल्या दिवसापासून बरोबर असतात.

सध्या रंग, फॉण्ट, टेक्स्चर काही करू नकोस. कच्चा ट्रॅक आणि पेन्सिलच्या चौकटींचं ॲनिमॅटिक झालं की दोन फाइली पाठव, एक आवाजासकट आणि एक मुकी. मी मुकी आधी बघेन.